रोव्हिगोचा फोन अजून चालू आहे

३ मार्च
अल्बेनियातलं दुरेस आवडलं मला. खोलीखाली ब्युरेकवाल्याची भट्टी आहे, त्यामुळे फरशी सकाळीच ऊबदार असते. कचेरी बंदराजवळ. इथली मुलं-मुली दिवसभर इटलीतल्या म्हाताऱ्यांना इंटरनेटवरून फोन करून विजेचे करार गळ्यात मारतात. मला फोन करायचे नाहीत, सुटले! कोणी कोणाला फोन केला, कधी सुरू झाला, कधी संपला, याची नोंद यंत्र करतं, पण सगळं एकात एक घुसलेलं. मी ते सोडवून रकान्यांत बसवायचं आणि एक्सेलमध्ये उघडेल अशी फाइल लुआनसाहेबांना द्यायची. शेजारची दोनिका म्हणाली, म्हणजे आमच्यावर पाळत ठेवायला आलीस म्हण की! आणि हसत अर्धा ब्युरेक माझ्या हातावर ठेवला.

७ मार्च
फाइल एका ओळीवर अडते. झमिरा नावाच्या मुलीने ऑक्टोबरात इटलीतल्या रोव्हिगोला केलेला फोन. सुरू झाल्याची वेळ आहे, संपल्याची नाही. त्या रिकाम्या जागेमुळे पुढचे सगळे रकाने सरकतात. साहेब म्हणाले, उडव ती ओळ, एवढं काय विचारायचं त्यात. उडवली.

१० मार्च
ओळ परत आली. यंत्राच्या लेखी तो फोन चालूच आहे.
दोनिकाला विचारलं तर तिचा चेहराच उतरला. मग हळू आवाजात सांगितलं. पलीकडे ब्रूनो नावाचे एकटे राहणारे म्हातारे होते. बोलता बोलता पडले. सिन्योरिना, जाऊ नका, असं म्हणत राहिले. झमिरा कुणालातरी कळवायला उठली, तर साहेबांनी तिच्या कानावरचा हेडफोन काढला आणि म्हणाले, पुढचा नंबर लाव. ती रडत राहिली म्हणून तिलाच घरी बसवलं. कुणीही कळवलं नाही. दोनिकानेही नाही.

११ मार्च
साहेबांचा हुकूम: फोन संपल्याची वेळ हाताने टाक. मी कां कूं केलं, तर म्हणाले, पोरी, नोकरी हवी आहे ना?
टाकली. फोन दोन मिनिटांत संपला, असं. म्हातारे नीट रकान्यात बसले. फाइल एकदम सुरेख झाली.

१३ मार्च
आज एकही फोन संपत नाही. पलीकडचा माणूस ठेवून देतो, यंत्र म्हणतं चालू. आणि प्रत्येकाच्या हेडफोनमध्ये, खाली कुठेतरी, तोच आवाज — सिन्योरिना.
दोनिका पर्स घेऊन निघून गेली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

१४ मार्च
रोव्हिगोच्या पालिकेत फोन केला. बाई म्हणाली, ब्रूनो ना, शेजाऱ्यांना वास आल्यावर दार फोडलं, थंडीत पुरलं. आणि तुम्ही कोण?
मी ठेवून दिला.
साहेबांनी यंत्राची वायर उपटली. नोंदी येतच आहेत. चिडून त्यांनी स्वतः हेडफोन घातला, आणि बसूनच राहिले. इटालियनमध्ये एकच बोलत राहिले — मी आहे, मी आहे, गेलो नाही. हेडफोन निघत नाही. दोघांनी ओढला. कानातून रक्त —

१५ मार्च
सगळे पळाले. साहेब खुर्चीतच. आता बोलत नाहीत.
नवी ओळ आली. फोन करणारी — मी, पलीकडे ब्रूनो. मी तर त्यांना कधीच —
सुरू कधी, तर मी ती वेळ टाकली त्या क्षणी.
हेडफोन घातलाय. निदान माफी तरी —
किती सभ्य आवाज. मदत मागतच नाहीत. फक्त विचारतात, सिन्योरिना, दोन मिनिटं कुठून आणलीत? मी तर अजून फरशीवर —