दीड वाजताचं निरभ्र आकाश

४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. अक्षर अजून सुधारलेलं नाही. उपग्रह दुपारी दीडच्या सुमारास आमच्या डोक्यावरून जातो, तेव्हा मी गच्चीत उभं राहून ढग बघायचे आणि तुला कळवायचे, एवढं समजलं. जमिनीवरून बघणाऱ्यांच्या नोंदी महिनाअखेर तुझ्या ढग मोजायच्या नव्या पद्धतीशी जुळल्या नाहीत, तर तुझे साहेब ती पद्धत केराच्या टोपलीत टाकणार, हेही समजलं. मी जन्मभर भूगोल शिकवला आहे. माझ्यामुळे तुझं काही अडणार नाही.

अडचण एकच. गच्चीची पश्चिम बाजू शेजारच्या घड्याळवाल्यांची. मध्ये पाण्याची टाकी, त्यामुळे मला अर्धंच आकाश दिसतं. त्यांच्या बाजूला जायचं तर त्यांच्याशी बोलणं आलं. मागच्या वर्षी त्यांनी माझ्या दोरीवर त्यांची सतरंजी वाळत घातली, तेव्हापासून मी बोलत नाही. तुझ्यासाठी बोलेन.

जेवणाच्या वेळा पाळ.

तुझी,
आत्या


१४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न.

तुझ्या नोंदी वाचून साहेबांनी विचारलं की या बाई सैन्यात होत्या का. मी म्हटलं, त्याहून कडक ठिकाणी, सातवीच्या वर्गावर.

तू विचारलंस की वरून ढगाची जाडी कशी कळते. आमचा कॅमेरा उजेड नाही, उष्णता बघतो. जाड ढग जमिनीची ऊब झाकून टाकतो आणि स्वतःचा थंडगार माथा दाखवतो. पण उंचावरचा पातळ ढग म्हणजे गरम पाण्याच्या पातेल्यावर टाकलेली मलमल. खालची ऊब आरपार येते. जुनी पद्धत तिथेच फसते. तिला तो ढग खाली उतरलेला वाटतो, नाहीतर दिसतच नाही. मी तीच ऊब दोन वेगळ्या लहरींमध्ये मोजते. बर्फाचे कण एक लहर जास्त अडवतात, दुसरी कमी. त्या फरकावरून ढग किती पातळ, किती उंच आणि त्याचे कण केवढे, ते काढता येतं.

ता. क. तुझ्या नोंदींत आधी 'शेजारी' होते. मग 'घड्याळवाले' झाले. परवा 'त्यांनी खुर्ची आणून दिली'. पातळ ढगातून ऊब येतेय, आत्या. माझी पद्धत अशा बाबतीत सहसा चुकत नाही.

तुझी आगाऊ,
भिंगरी


२३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न.

आज थट्टा नाही. वीस तारखेची तुझी नोंद आहे, 'निरभ्र. एकही ढग नाही.' माझ्या पद्धतीप्रमाणे त्या दिवशी दीड वाजता तुमच्या अख्ख्या गावावर बर्फाच्या कणांचा पातळ पडदा होता. जुनी पद्धतही निरभ्रच म्हणते. बाकी सगळ्यांच्या नोंदी माझ्याशी जुळल्यात, पण साहेबांचा सगळ्यांत जास्त विश्वास तुझ्यावर. ते म्हणाले, तुमच्या पद्धतीला भुतं दिसतात. अठ्ठावीसला बैठक आहे. त्या दिवसाचं नीट आठवून बघशील का?

रडवेली,
भिंगरी


२५ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी राग आला. माझी नोंद चुकली असं आजवर कोणी म्हणालेलं नाही, शाळा तपासायला आलेले अधिकारीही नाहीत. म्हणून साक्षीला घड्याळवाल्यांना विचारलं. ते म्हणाले, सूर्याभोवती चांगलं मोठं खळं होतं, कंपासने काढल्यासारखं. खळं म्हणजे उंचावर बर्फाचे कण. हे मीच पोरांना घोकायला लावत असे.

मग मला कसं दिसलं नाही, हे मी त्यांना विचारलं नाही. आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. त्या दिवशी नेमकं दीडच्या आधी त्यांनी मला लग्नाचं विचारलं. विचारून झाल्यावर त्यांना माझ्याकडे बघवेना, म्हणून ते आकाशाकडे बघत राहिले. मी त्यांच्याकडे बघत होते. मग खाली येऊन निरभ्र लिहून टाकलं.

तुझी बत्तिशी मला इथून दिसते आहे. मिटव.

बैठकीसाठी जबाब जोडला आहे. त्यात लिहिलंय की निरीक्षकाचं लक्ष आकाशाकडे नव्हतं, कारण शेजारील गृहस्थांनी त्याच वेळी लग्नाबद्दल विचारणा केली; सबब नोंद न बघता झाली; सदर गृहस्थांनी खळं प्रत्यक्ष पाहिलं आहे. खाली आमच्या दोघांच्या सह्या आहेत. त्यांची सही माझ्यापेक्षा बरी आहे.

लाज सोडून लिहिलंय. वाया घालवू नकोस.

आत्या


१ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न.

पास. पास. पास.

साहेबांनी जबाब स्वतःच मोठ्याने वाचायला घेतला. 'शेजारील गृहस्थांनी' इथवर आवाज खणखणीत होता. पुढे चष्मा काढून पुसावा लागला. माझ्या शेजारी बसलेली मैत्रीण पेन शोधायच्या निमित्ताने टेबलाखाली गेली ती वर येईना. मग साहेब म्हणाले, खळ्यापुढे वाद नाही, आणि साक्षीदार घड्याळं दुरुस्त करतो म्हणजे डोळे चांगले असणार. पुढच्या महिन्यापासून माझीच पद्धत. मी जिन्यात नाचले, झाडूवाल्या मावशींनी मला बादलीपासून वाचवलं.

वीस तारखेची नोंद मी दुरुस्त करतेय. पण साहेबांचा शेरा आहे की जबाब अपुरा आहे. विचारणा झाली एवढंच लिहिलंय, उत्तर काय दिलं ते कुठेच नाही. ते मागवून घ्यायचा मला हुकूम झालाय.

उत्तराची वाट बघत टांगलेली,
भिंगरी


५ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

साहेबांना सांग, जबाबात विचारलं तेवढंच लिहायचं असतं. तरी कळवते. होकार दिला आहे, सतरंजीसाठी वेगळी दोरी बांधायच्या अटीवर. दोरी बांधून झाली. गाठ मी तपासली.

नोंदणी पुढच्या महिन्यात, दुपारी. दीडला जरा थांबू, तुझा उपग्रह जाऊ दे, मग सह्या. वरून माणसं दिसत नाहीत हे मला माहीत आहे. तू खालूनच ये, आणि केस विंचरून ये.

वीस तारखेची नोंद शास्त्रासाठी खुशाल दुरुस्त कर. माझ्यापुरती मी ती बदलणार नाही. मला तरी निरभ्रच दिसलं होतं.

माया आहे तेवढीच राहू दे, वाढवलीस तर तुझं मला हसणंही वाढेल. आणि त्यांना आतोबा म्हणायची सवय कर, पण सध्या पत्रातच. तोंडावर म्हटलं की ते आकाशाकडे बघत बसतात.

तुझी,
आत्या