चिन्ह चुकलं होतं

अण्णा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली तरी माझा राग गेलेला नाही. आज दुपारी तो पुन्हा उसळला. इकडे हिंदी मुलखात, प्रेम नगरच्या या घरात, माझी मुलगी रसायनाचं पुस्तक घेऊन बसली होती. हायड्रोजन आणि क्लोरीनची अभिक्रिया, बंध-ऊर्जा दिलेल्या, उष्णता किती ते काढायचं. ती अडली. मी पीठ मळता मळता सांगितलं, जुने बंध तोडायला किती ऊर्जा लागली ते आधी लिही, नवे जुळताना किती सुटली ते त्यातून वजा कर. ती बघतच राहिली. "मम्मी, आपने साइंस ली थी क्या?" मी पुन्हा पीठ मळू लागले. काय सांगू? की तुझे आजोबा इंटर कॉलेजात, म्हणजे अकरावी-बारावीला, हाच विषय शिकवायचे, आणि त्यांनीच मला बी.ए.ला घातलं?

तुम्हाला तो तास आठवत असणारच. बारावीचा वर्ग, मी तिसऱ्या बाकावर, तुम्ही फळ्यापाशी. तेव्हा आकडे किलोकॅलरीत असत. हायड्रोजनचा बंध एकशे चार, क्लोरीनचा अठ्ठावन्न, मिळून एकशे बासष्ट. हायड्रोजन क्लोराइडचे दोन बंध, दोनशे सहा. तुम्ही दोनशे सहातून एकशे बासष्ट वजा केले आणि लिहिलं, अधिक चव्वेचाळीस, उष्णता शोषली जाते. मी उभी राहिले. "सर, उत्तर ऋण आएगा. बंध टूटने में ऊर्जा लगती है, बनने में निकलती है. यहाँ निकली ज़्यादा है." तुम्ही मागे वळूनही पाहिलं नाहीत. "घर की मास्टरी घर में करना. खड़ी रहो." मुली हसल्या. तास संपेपर्यंत मी उभी होते, आणि सगळ्या वर्गानं ते अधिक चिन्ह वहीत उतरवून घेतलं.

घरी आई पोळ्या लाटत होती. तुम्ही पाटावर बसलात आणि म्हणालात, "चार लोकांत बापाची चूक काढतेस?" मी म्हटलं, "म्हणजे चूक होती ना, अण्णा? मग उद्या वर्गात सांगा." तुम्ही ताट सरकवून उठलात. आई मलाच बोलली. दुसऱ्या दिवशी तुम्ही पुढचा धडा काढलात. चूक कुणाचीही होते हो! मूलद्रव्यांपासून संयुग बनण्याच्या उष्णतेचा नियम तुम्ही बंधांना लावलात, दोन्हींत वजाबाकीच, फक्त उलट. एका वाक्यात दुरुस्त झालं असतं. ते एक वाक्य तुमच्या तोंडून निघालं नाही.

बोर्डाच्या पेपरात तसलंच गणित आलं. लक्ष्मी गेटजवळ राहणारी माझी मैत्रीण पेपर झाल्यावर वही घेऊन थेट आपल्या घरी आली. तुम्ही वर्तमानपत्र वाचत बसला होतात. तिनं वही पुढे धरली. "सर जी, आपने तो ऐसे ही लिखाया था. सब कह रहे हैं गलत है." तुम्ही वहीकडे एकदा पाहिलंत आणि शांतपणे म्हणालात, "मैंने ऐसा कभी नहीं लिखाया. ध्यान से सुनतीं तो ये न होता." तिनं वही मिटली. एवढ्या हुशार, सरळ मुलीला तुम्ही तिच्याच हस्ताक्षरासमोर खोटं पाडलंत. ती आपल्या घरी पुन्हा आली नाही. आणि पंधरा दिवसांत तुम्ही मला न विचारता माझा बी.ए.चा फॉर्म भरलात. म्हणालात, "जास्त शिकलीस की उलट बोलतेस."

हे सगळं मी वर्षानुवर्षं मनात तुम्हाला ऐकवत आले. पण एक गोष्ट दर वेळी गाळते. वही मिटण्याआधी तिनं माझ्याकडे पाहिलं होतं. "तू बता ना, तू तो खड़ी भी हुई थी." मी खाली मान घातली आणि म्हटलं, "मुझे याद नहीं." बी.एस्सी.च्या फॉर्मवर तुमची सही हवी होती मला. वाटलं, आज गप्प राहिले तर कराल.

हे पत्र खरं तर तिला लिहायला हवं होतं. ती लग्न होऊन कुठल्या गावी गेली, तेही मी कधी कुणाला विचारलं नाही.