एक जास्तीचा उकार

७ जून

चि. नातीस,

आजीचे आशीर्वाद. मागच्या खेपेला दिलेले संपले असतील म्हणून हे नवे पाठवते. फोनवर तू "बोल आजी, बोल" म्हणतेस आणि मागून कुणीतरी तुला हाका मारत असतं, त्यापेक्षा कागद बरा. माझी शाळा तिसरीत सुटली, उकारांचं कधी जमलं नाही. शंका आली की देऊन टाकते. कमी पडण्यापेक्षा जास्त झालेला बरा.

इस्त्रीचं टेबल चालू आहे. दवाखान्याचे कोट आठवड्यातून दोनदा येतात. कुठला डॉक्टर काय खातो ते मला डागांवरून कळतं, आणि हेच लोकांना पथ्य सांगतात.

आता तुझ्या लेकीचं. टिचकी सात वर्षांची झाली, तरी मागच्या वर्षीचा फ्रॉक अंगावर लोंबतोच आहे. हातपाय काड्या आणि पोट नगारा. दुपारी वर्गात बाकावर डोकं टाकून झोपते. बाई म्हणाल्या, ही खुडू खाते, वर्गातले सगळे खुडू हिच्या पोटात. मी म्हटलं, मग अक्षर तरी सुधारायला हवं होतं. पण घरी येऊन बघितलं तर पलंगामागचा चुना हातभर खरवडलेला. ताट वाढलं की तोंड फिरवते.

तुझी आई वाढवली, तू वाढलीस, हीच का वाढत नाही? तू तिकडे आरोग्य खात्यात बसून हजारो पोरांच्या पोटांचा हिशेब लावतेस. घरच्या एका पोटाचं काय करायचं ते कळव.

लोभ आहेच. तो वाढवू नकोस, आहे तेवढा टिकव.

तुझी आजी

१५ जून

ती. आजीस,

वाकून नमस्कार. दिवसभर खुर्चीत बसून कंबर धरली आहे, त्यामुळे जेवढी वाकले तेवढा गोड मानून घे. टिचकी "खुडू" खाते म्हणजे काय, ते मला तिसऱ्यांदा वाचल्यावर कळलं. तुझे उकार म्हणजे सैल हाताचं मीठ.

पण पुढचं वाचून हसू गेलं. फुगलेलं पोट, रक्त कमी, खडू-चुना खाणं, हे मी रोज फॉर्मवर वाचते. ही जंतांची लक्षणं आहेत. पोर जेवतं आणि आतले जंत पोसले जातात. म्हणून तर आमचं खातं वर्षातून दोनदा, एकाच दिवशी, सगळ्या शाळांतल्या सगळ्या पोरांना जंतनाशक गोळी देतं. आसपासच्या शाळांत फरक पडला. वजनं फार वाढली नाहीत, पण पोरं रोज यायला लागली, वर्गात जागी राहायला लागली. फक्त आपल्या शाळेत तपासणी केली तर जंत होते तेवढेच. कागदावर मात्र दोन वर्षांत चारही वेळा प्रत्येक नावापुढे बरोबरची खूण. टिचकीच्या नावावर मी स्वतः बोट ठेवून बघितलं.

साहेब म्हणतात, या भागात औषध लागू पडत नाही, इथली गोळी बंद करून दुसरीकडे वळवू. अहवाल महिनाअखेर वर जाईल. तू टिचकीला जवळ घेऊन विचार. गोळी चावून गिळली होती ना?

तब्येत सांभाळ, आणि माझ्यावरचा राग पुढच्या पत्रापर्यंत पुरवून वापर.

तुझी नात

२२ जून

चि. नातीस,

आशीर्वाद. आज जास्त देत नाही, पुढचं वाचून तुला ते घ्यावेसे वाटतात का बघ.

टिचकीला विचारायची गरज नाही. गोळी तिने गिळली नाही. कुणीच गिळली नाही. मीच सांगितलं होतं.

दोन वर्षांमागे शाळेतून छापील कागद आला. गल्लीत वाचता येणारी मी एकटी, बायका टेबलाभोवती जमल्या. मी वाचून दाखवलं, शाळेत पोरांना जंतुनाशक गोळी देणार. आता तो शब्द माझ्या ओळखीचा. दवाखान्याचे कोट मी ज्या बाटलीतलं औषध घालून भिजवते, तिच्यावर तोच शब्द आहे, खाली कवटी आहे आणि पोटात घेऊ नये असं लिहिलंय. फरशी पुसतात ते हेच. मी म्हटलं, आपल्या पोरांना काय मोरी समजलेत का? बायका हसल्या आणि मला चेव आला. टेबलापुढे पोरांची रांग लावून शिकवलं: गोळी गालात धरायची, दात वाजवायचे, जीभ काढून दाखवायची, मग नळामागे जाऊन थुंकायची. टिचकी त्यात पहिली आली. बिचाऱ्या बाई प्रत्येक तोंडात डोकावून खूण करत होत्या.

तुझं पत्र आल्यावर तो कागद काढला. इस्त्रीच्या चादरीखाली होता. चष्मा लावून एकेका अक्षरावर बोट ठेवलं. जंत-ना-शक. त ला उकार नाही. बाटलीवर आहे, कागदावर नाही. तो मी पदरचा दिला.

हे पत्र तुझ्या साहेबांना दाखव. औषधाला बोल लावू नका म्हणावं, म्हातारीला लावा. रडून काही व्हायचं नाही म्हणून रडले नाही. गोळी बंद होऊ देऊ नकोस.

लोभाचं तुझं तू ठरव.

तुझी आजी

२ जुलै

ती. आजीस,

नमस्कार. पत्र साहेबांना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, आजींचं खरं असेल, पण आजींसाठी फॉर्मवर रकाना नाही. अहवाल दोन दिवस आधीच वर गेला होता. मी वरच्या ऑफिसात गेले, त्यांनी मला खालच्या ऑफिसात पाठवलं, तिथून पुन्हा साहेबांच्या दारात आले. आपल्या भागाच्या गोळ्या दुसरीकडे निघाल्या. निदान वर्षभर तरी परत नाहीत.

डॉक्टरांना विचारून टिचकीपुरती गोळी सोबत पाठवते. पण तेही म्हणाले, एकटीला देऊन भागत नाही. पोरं जिथे बसतात त्या मातीत जंतांची अंडी पडतात, तिथेच बाकीची अनवाणी फिरतात, तेच हात तोंडात जातात. सगळ्यांनी एकदम घेतली तरच माती हळूहळू स्वच्छ होते. तू गल्लीत सगळ्यांना खरं काय ते सांग. तुझं ऐकतात.

मी रागावले आहे. कुणावर, ते ठरत नाही. खूण तर मीही मोजली होती.

काळजी घे, तिचीही आणि तुझीही.

तुझी नात

१९ नोव्हेंबर

चि. नातीस,

आशीर्वाद. उशीर झाला, कारण सांगण्यासारखं काही घडतंय का त्याची वाट बघत होते.

गोळी दिली त्याच दिवशी टिचकीने दात वाजवले, जीभ दाखवली आणि पळाली. संध्याकाळी गोळी खळीच्या वाटीत सापडली. विचारलं तर म्हणाली, तूच तर शिकवलंस. मग दुसऱ्या दिवशी कुटून, साखरेत कालवून, समोर बसून चाटवली. पुढचं लिहीत नाही, तुमच्या फॉर्मवर त्याचा रकाना असेल. पण आठव्या दिवशी तिने दुसऱ्यांदा वाढ म्हटलं. फ्रॉक खांद्यावर बसायला लागला. पलंगामागचा चुना मी लिंपून घेतला, त्याला तिने हात लावला नाही.

गल्लीत दारोदार फिरले. हातात कागद आणि बाटली दोन्ही, बायकांना बोट ठेवून दाखवलं, इथे उकार आहे, इथे नाही. त्यांना दोन्ही सारखंच. शिंपीण म्हणाली, आजी, तेव्हा विष म्हणालीस आणि आता नात खात्यात आहे म्हणून औषध म्हणतेस. तिची थोरली टिचकीच्या बरोबरीची, दम लागतो म्हणून शाळेत जाणं सोडलंय. दोन-चार जणी ऐकायला तयार झाल्या, तर द्यायला गोळी नाही. माझं खोटं त्यांनी एका बैठकीत ऐकलं होतं. खऱ्याला पाच महिने होत आले, अजून उंबरठ्यावर उभं आहे.

शाळेचा संडास पाहुण्यांसाठी कुलपात असतो. पोरं भिंतीमागे जातात. टिचकीला चपला घेतल्या, तर पळायला हलकं म्हणून ती काढून ठेवते. तिला रोज ओरडते. माझं ओरडणं शाळेच्या फाटकापर्यंत पोचतं, भिंतीमागे पोचत नाही.

काल बाई कोट घेऊन आल्या होत्या, त्यांच्या नवऱ्याचा. जाताना म्हणाल्या, आजी, खडू परत कमी व्हायला लागलेत.

तू दुसरी गोळी पाठवशील. मी कुटून देईन. मग ती परत त्याच भिंतीमागे जाईल.

लोभ ठेव म्हणायचा हक्क राहिला नाही, तरी ठेव. शंका आली की उकार द्यायची सवय मोडली आहे. आता हात थांबतो. कुठे राहिला असेल तर तुझा तू लाव.

तझी आजी