आखूड हौद्याच्या गाडीला घर जोडताना

अण्णा, मी घर घेतलं. आत पलंग आहे, दोन शेगड्यांचा ओटा आहे, उभं राहून आंघोळ करता येईल एवढी मोरी आहे, आणि खिडक्यांना कुणा अमेरिकन बाईने हौसेने शिवलेले लिंबांच्या चित्रांचे पडदे आहेत. खाली चाकं आहेत. आईला फोनवर मी चाकांचं सोडून बाकी सगळं सांगितलंय. तिने विचारलं, तुळशीला जागा आहे का गं? मी म्हणाले, आहे की. तेही खोटं नाही, फक्त तुळस गावोगाव फिरेल.

तुम्ही गेलात तेव्हा मी आठवीत होते, त्यामुळे पुढचं तुम्हाला काहीच माहीत नाही. दादा इंजिनिअर झाला, जर्मनीत आला, झिंडेलफिंगेनला गाड्यांच्या कारखान्यात लागला. मग त्याने मला इथे बोलावून घेतलं, वृद्धाश्रमात एका वर्षाच्या कामावर, की पोरगी एका जागी टिकेल. वर्ष मी पुरं केलं. त्यानंतरचं प्रशिक्षण अर्धवट सोडलं. मग वसंतात श्पार्गेल काढायला गेले, म्हणजे ती पांढरी शतावरी, जिच्यासाठी इथली शहाणी माणसं हंगामभर वेडी होतात. मग स्ट्रॉबेरी, मग सफरचंदं, मग द्राक्षं. कामाचा मला कधी कंटाळा येत नाही, अण्णा. कंटाळा येतो तो मजुरांच्या खोल्यांचा. दुमजली खाटा, सामाईक फ्रिज, आणि दह्याच्या डब्यावर आपलं नाव लिहूनही ते कोणीतरी खाल्लेलं. मला फिरायचं होतंच, पण स्वतःच्या उशीवर डोकं ठेवून.

तर हे घर. फाल्झमध्ये, जिथे मी द्राक्षं तोडते, तिथे जवळच अमेरिकन सैनिक राहतात. त्यांची बदली झाली की कुत्र्यापासून कपाटापर्यंत सगळं विकून जातात. असाच एकजण आपलं चाकांवरचं घर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या अंगणात सोडून गेला, विकून टाक म्हणून. ते मी घेतलं. ओढायला पिकअप मिळाली आमच्या मळेवाल्याची जुनी. जड ट्रेलरचा परवाना मी आधीच काढला होता, पहिल्या फटक्यात, हे इथे मुद्दाम लिहून ठेवते. सगळं जमलं होतं. फक्त घर गाडीला जोडायचं कशाने, हे राहिलं होतं. आणि म्हातारा म्हणाला, द्राक्षांच्या ट्रॉल्या यायच्या आत अंगण मोकळं हवं, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे.

तुम्हाला वाटेल, जोडायचं त्यात काय, मागे हूक असतो, अडकवायचं. तसं नाही. हे घर गाडीच्या मागे लोंबत नाही. त्याची मान पुढे येते आणि गाडीच्या हौद्यात बसवलेल्या एका जाड लोखंडी तबकडीवर टेकते. मानेखालची खुंटी तबकडीच्या जबड्यात अडकली की काम झालं. हायवेवरचे कंटेनर असेच जोडलेले असतात. या तबकडीला फिफ्थ व्हील म्हणतात, पाचवं चाक. ती चाक नाही, चाकासारखी फिरतही नाही, मग का म्हणतात हे शोधण्यात माझी एक अख्खी दुपार गेली आणि मी घोडागाड्यांपर्यंत जाऊन पोचले. ते जाऊ दे. मुद्दा असा, की माझ्या गाडीची केबिन पाच माणसांची आहे, म्हणून मागचा हौदा आखूड. सरळ जाताना काही होत नाही. पण काटकोनात वळलं, की घराचा पुढचा कोपरा फिरत येतो आणि थेट केबिनच्या मागच्या काचेत घुसतो. म्हणजे माझ्या मानेत.

दादाने रविवारी जेवायला बोलावलं. टेबलावर ताटांच्या आधी लॅपटॉप होता. त्याने माझी गाडी, माझं घर, दोन्हीची वरून दिसणारी चित्रं काढली होती आणि ती माऊसने वळवून दाखवत होता. वळली की लाल रंग यायचा.

"फिक्स्ड घे," तो म्हणाला. "जागच्या जागी घट्ट बसणारी. हलणारे पार्ट नाहीत, वजन कमी. आल्झो, म्हणजे काय, फक्त पंचेचाळीस अंशांच्या पुढे वळायचं नाही."

"आणि वळावं लागलं तर?"

"नाही वळायचं."

"रस्ताच वळला तर?"

"तर तिथेच थांबायचं. जरा थांबायची सवय कर."

वहिनी तव्यावरून म्हणाली, "अहो, रस्त्याला काय सांगणार ती, वळू नकोस म्हणून?" त्यांची सात वर्षांची पोरगी माझ्या मांडीवर बसून जर्मनमध्ये विचारत होती, आत्तू, घराला ब्रेक असतो का? मी मराठीत सांगितलं, असतो. तिने जर्मनमध्ये सुस्कारा सोडला. सुस्काराही जर्मन असतो, अण्णा, ऐकल्याशिवाय कळायचं नाही.

दुसरा प्रकार हाताने सरकवायचा. अवघड वळण आलं की थांबायचं, उतरायचं, खटका ओढायचा, तबकडी मागे सरकवायची, वळायचं, पुन्हा उतरायचं, पुन्हा घट्ट करायची. हे मला फार आवडलं होतं. दादा म्हणाला, "तू उतरशील. खटक्यापर्यंत जाशील. तेवढ्यात कुत्रं दिसेल. मग तू आणि कुत्रं." तिसरा प्रकार आपोआप सरकणारा, पण तो दादाच्या मते भयंकर जड, भानगडीचा आणि इथल्या प्रुफरकडून पास करून घ्यायला त्रासाचा. प्रुफर म्हणजे गाडी तपासणारा साहेब. त्याने मान हलवल्याशिवाय इथे साधा नट बदलता येत नाही.

मग मला त्याच्या कागदांत एक नकाशा दिसला. एक कॅम्पिंग प्लाट्झ, म्हणजे अशी चाकांवरची घरं उभी करायचा तळ, दादाच्या घरापासून दहा मिनिटांवर. म्हाताऱ्याच्या गावापासून तिथपर्यंतचा रस्ता त्याने हिरव्या पेनने रंगवला होता आणि त्या रस्त्यावर सगळी वळणं ऐसपैस होती. वर्षाच्या भाड्याची चौकशीही करून झाली होती. म्हणजे घर एकदा तिथे नेऊन ठेवायचं आणि मी त्यात राहायचं, त्याच्या नजरेसमोर, कायमची. मला राग यायला हवा होता. पण तुम्ही गेल्यावर कॉलेजला जायच्या आधी माझी वेणी घालणारा तोच होता, वाकडी घालायचा पण घालायचा. मी नकाशा गुपचूप घडी करून जागेवर ठेवला.

तुम्ही मला दहाव्या वाढदिवसाला फ्रॉक दिला नव्हता, आठवतं? स्टँडवरच्या तुमच्या कँटीनसमोरून सकाळची एसटी सुटायची. कंडक्टरकाका तुमचे दोस्त. तुम्ही मला खिडकीत बसवलंत, हातात कागदात बांधलेले दोन वडे दिलेत आणि म्हणालात, "शेवटपर्यंत जा आणि याच गाडीने परत ये. ही तुझी भेट." शेवटपर्यंत! मला त्या शेवटच्या गावाची पिंपळाखालची टपरी अजून दिसते. येताना मी मधल्याच एका गावात उतरले, कारण तिथे घोड्याला नाल ठोकत होते. काकांना घाम फुटला. संध्याकाळी तुम्ही कँटीनच्या दारात उभे. तुम्ही ओरडला नाहीत. म्हणालात, "फिरण्याबद्दल बोलत नाही मी. न सांगता उतरलीस, त्याबद्दल बोलतोय. तुझ्यामागे कोणीतरी गाडी थांबवून उभं असतं, हे ध्यानात ठेव." सगळ्या शाळेने मिळून मला एवढं शिकवलं नाही.

म्हणून मी दादाला फसवलं नाही. स्पष्ट सांगितलं, दादा, मी आधी सफरचंदांना जाणार, सफरचंदांनंतर द्राक्षांना, मग आणखी कुठे, आणि वाटेत वळणं असणार. तो म्हणाला, "बघू." आणि शनिवारी स्वतःच गाडी काढून माझ्याबरोबर हिचवाल्याकडे, म्हणजे या तबकड्या विकणाऱ्या-बसवणाऱ्याकडे आला, मला अक्कल शिकवायला.

हिचवाला धिप्पाड, दाढीत मिशीत हरवलेला. त्याने बोलण्यात वेळ घालवला नाही. त्याच्या अंगणात आखूड हौद्याची गाडी होती, तिला आपोआप सरकणारी हिच बसवलेली, मागे माझ्यासारखंच घर. आम्हाला बाजूला उभं केलं आणि तो गाडीत चढून वळायला लागला. घराचा कोपरा फिरत काचेकडे येतोय, दादाच्या तोंडून "ओये ओये" निघतंय, आणि तेवढ्यात ती तबकडी रुळांवरून मागे सरकायला लागली. कोणी खटका ओढला नाही. गाडी जेवढी वळत होती तेवढीच ती घराला मागे नेत होती. कोपरा काचेसमोरून आरामात निघून गेला. गाडी सरळ झाली आणि तबकडी पुढे येऊन खट्कन जागेवर बसली.

मी मोठ्यांदा हसले, अण्णा. कारण हे तर तुमचं किचन. कँटीनमागचा तो बोळ. तुम्ही कढईतून झारा भरून वडे काढताय, उकळत्या तेलाचे थेंब पडतायत, आणि परातीकडे वळताय. तुम्ही वळता तसा कांदा चिरणारा मामा एक पाऊल मागे जातो, न बघता, सुरी न थांबवता. मी पिठाच्या डब्यावर बसून गृहपाठ करतेय, माझे गुडघे आपोआप आत जातात. तुम्ही सरळ होता, मामा जागेवर, गुडघे जागेवर. कोणी कोणाला सरक म्हणत नाही. दिवसभर शेकडो वडे निघतात आणि कोणाला कोणाचा धक्का लागत नाही. एक दादा सोडून. तो पुस्तक घेऊन बरोब्बर मधे उभा राहायचा आणि हलायचा नाही. त्याच्या उजव्या कोपराखाली तुमच्या झाऱ्याचा डाग अजून आहे.

"दादा, हे आपलं..."

"गप. दिसलं मला," तो म्हणाला. आणि बाही खाली ओढली.

हिचवाल्याला त्याने पुन्हा वळायला लावलं. मग आणखी एकदा, डावीकडून. मग हौद्यात चढून रुळांवर बोट फिरवून आला. बोटाचं ग्रीस रुमालाला पुसत माझ्यासमोर उभा राहिला.

"जड आहे ही."

"हो."

"रुळांना ग्रीस लागत राहणार. विसरशील."

"विसरेन."

"मी फोन करून आठवण करून देईन." त्याने रुमाल खिशात कोंबला. "वळायचंच आहे तर नीट वळ, बाई."

प्रुफरसाहेब दोन वेळा गाडीखाली झोपले, एकेक बोल्ट ठोकून पाहिला, सगळे कागद उलटसुलट वाचले आणि शेवटी "गेनाऊ" म्हणाले, म्हणजे अगदी बरोबर. एवढ्या एका शब्दासाठी मी त्यांना लाडू दिला असता, पण इथे साहेबांना लाडू देणंही चालत नाही, तो मी बाहेर येऊन स्वतःच खाल्ला.

निघायच्या दिवशी सगळे आले. घर जोडायला गाडी उलटी न्यायची होती, आणि मागे उभा राहिला दादा. कारखान्यात कॅमेरे आणि सेन्सर लावणारा माणूस, शर्टाच्या बाह्या वर करून, हात हलवत ओरडतोय, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे!" हुबेहूब आपल्या स्टँडवरचा कंडक्टर. त्याची लेक त्याच्या शेजारी उड्या मारतेय, "कॉम, कॉम, कॉम!" मग एकदमच याचं "बास!" आणि तिचं "श्टॉप!", आणि खुंटी जबड्यात बसल्याचा धडाम् आवाज. म्हातारा शेतकरी पायरीवर वाईनचा पेला घेऊन बसला होता. त्याने टाळ्या वाजवल्या.

खरी परीक्षा फाटकाची होती. फाटकाबाहेर अरुंद गल्ली, समोर जुन्या द्राक्षघाण्याची दगडी भिंत, आणि वळण सरळसरळ काटकोनी. हिरव्या पेनचा रस्ता त्या फाटकातूनच निघायचा, हे दादाला चित्रात दिसलं नव्हतं. तो भिंतीकडे बघून माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे. मग तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि हात वर केला. मी स्टिअरिंग पुरतं फिरवलं. मागे लोखंड घसरल्याचा लांब, संथ आवाज आला. आणि मग मी गल्लीत सरळ उभी होते, माझं अख्खं घर माझ्यामागे, लिंबांचे पडदे हलतायत, काच शाबूत. वहिनी रडत होती आणि हसत होती. दादा पळत खिडकीशी आला.

"दिसलं तुला? किती अंतर राहिलं दिसलं?"

"आरशात सगळं दिसत होतं," मी म्हणाले.

आता मी बोडेनझे तळ्याच्या काठी आहे, सफरचंदांच्या मळ्यात. उद्यापासून तोडणी. दुपारी स्वतःच्या ओट्यावर वडे तळले, जरा तेलकट झाले. खिडकीतून तळं दिसतंय आणि कोणाची तरी बकरी माझ्या पायरीवर येऊन बसली आहे, तिच्याकडे जायचंय, म्हणून आवरतं घेते. ही पानं पाठवायची नाहीतच. घडी करून वरच्या कपाटाच्या दारात खोचणार आहे, ते दार वाटेत फार वाजतं.

पण दादाला म्हणाले ते खरं नाही, अण्णा. त्या वळणावर मी डोळे मिटून घेतले होते.