कॅमेरे सापडले : दोन

३ जुलै
बाराला सकाळी अकरा वाजता बायकोची मुख्याध्यापिकापदासाठी मुलाखत. घरूनच, कॉम्प्युटरवर. एकोणीस वर्षं गणित शिकवतेय, ही जागा तिला मिळायलाच हवी. पण आमचा कॅमेरा कधी दिसतो, कधी गायब. लेक म्हणते, वायर सैल झालीय, बदला. वायर काय, कोणीही बदलेल. मी जोडलेले कॅमेरे हुडकणारा प्रोग्राम लिहिणार. दोन दिवसांचं काम.

५ जुलै
प्रोग्रामिंगच्या पुस्तकाची प्रस्तावना वाचून झाली. पाया पक्का हवा.

७ जुलै
प्रोग्राम चालला! शून्य ते नऊ, एकेका नंबरला हाक मारतो. जो चित्र देईल तो कॅमेरा. निकाल : दहा कॅमेरे सापडले. घरात एकच आहे. बायकोला हळूच सांगितलं की आपल्यावर पाळत आहे. लेकीने येऊन पाहिलं. म्हणाली, बाबा, तुम्ही हाका मोजताय, ओ कोणी दिली ते बघतच नाही. किरकोळ चूक.

९ जुलै
आता बरोबर एक. खबरदारी म्हणून दुसरा विकत आणून कपाटावर बसवला. ‘कॅमेरे सापडले : दोन.’ बायकोला चार वेळा दाखवलं. पाचव्यांदा म्हणाली, अहो, मला तयारी करू द्या.

११ जुलै
प्रोग्राम आता दर पाच मिनिटांनी आपोआप हजेरी घेतो. लेकीचं म्हणणं, कॅमेरा एका वेळी एकालाच चित्र देतो, तेव्हा मुलाखतीपुरतं हे बंद ठेवा. हल्लीची मुलं फार घाबरट.

१२ जुलै, सकाळी १०.५०
मी दाराआड स्टुलावर. बनियनवरच आहे, मला कोण बघतंय? गरज पडली तरच खुणा करायच्या.

१२ जुलै, दुपारी
चौथ्या प्रश्नाला हजेरीची वेळ झाली. बायकोसमोरचा कॅमेरा प्रोग्रामने ओढून घेतला. मुलाखतीला मग कपाटावरचा मिळाला. त्याचं तोंड दाराकडे. पाच परीक्षकांना मी दिसलो, बनियनमध्ये, दोन्ही हातांनी ‘हळू बोल’ सांगताना. अध्यक्षबाईंनी विचारलं, हे कोण?

बायको म्हणाली, “माझे यजमान. माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त काळजी आहे.” आणि उत्तर जिथे तुटलं होतं तिथून पुढे सुरू केलं. आवाज जरासुद्धा हलला नाही. मी स्टुलासकट मागे सरकलो. हिची जागा माझ्यामुळे गेली, एवढंच डोक्यात.

चूक परीक्षकांच्या कॉम्प्युटरचीही असू शकते.

२० जुलै
पत्र आलं. निवड झाली! आनंदाने मीच मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटी अध्यक्षबाईंचा शेरा : ‘घरातला व्यत्यय उमेदवाराने ज्या शांतपणे सांभाळला, त्यावरून आमच्या शाळेतले पालकही त्या सांभाळतील याची खात्री पटली.’

व्यत्यय म्हणजे नेटवर्क असावं, असं मी म्हटलं. लेकीने पत्रातल्या ‘घरातला’ या शब्दावर बोट ठेवलं. मी ते वाक्य पुन्हा वाचलं, या वेळी मनातल्या मनात.