आसरा नापास झाला पाहिजे

३ मार्च, मंगळवार

हॉलमध्ये तंबू उभा आहे. आत जावईबापू आहेत. बाहेर यायचं दार त्यांना सापडत नाहीये.

लेक बाहेरून सूचना देतेय — "उजवीकडे सरक! अरे, तुझं उजवं!" तंबूच्या कापडावर कधी कोपर उमटतं, कधी गुडघा. एकदा तर चक्क नाक! मी स्वयंपाकघरात उभ्यानं चहा प्यायले, कारण माझी खुर्ची तंबूत गेली आहे. टीव्हीसुद्धा.

शेवटी कात्री आत सरकवावी लागली. स्वतः शिवलेला तंबू स्वतःच कापून बाहेर आले आणि घाम पुसत म्हणतात, "आई, आत अजिबात उकडत नाही हं!"

५ मार्च, गुरुवार

तंबू म्हणायचं नाही, अशी ताकीद मिळाली. त्याचं नाव 'आसरा'. पूर, उन्हाची लाट, थंडीचा कडाका, वादळ — घर सोडायची वेळ आली की पाठीवर टाकायचा आणि पाच मिनिटांत कुठंही उभा करायचा. गरिबातल्या गरिबालाही परवडेल इतका स्वस्त. हेतू चांगला आहे, नाही कशाला म्हणू? पण घडी घातल्यावर लाँड्रीत निघालेल्या बोचक्यासारखा दिसतो. मी बोचकंच म्हणणार.

त्यासाठी क्राउडफंडिंग केलंय. म्हणजे वर्गणीच, फक्त दारोदार न हिंडता फोनवरून मागायची. कुठल्या कुठल्या अनोळखी माणसांनी पैसे पाठवलेत! आणि पैसे दिले की मतही देता येतं — बोचक्याची परीक्षा कशी घ्यायची ते वर्गणीदार ठरवणार. आज निकाल लागला. पाऊस, उष्णता, थंडी आणि वारा. हत्ती थोडक्यात हरला.

हवा मात्र इतकी सुरेख पडलीय की जावईबापूंना बघवत नाही. सकाळपासून खिडकीत उभे राहून आभाळाकडे रागानं बघतायत.

६ मार्च, शुक्रवार

लेकीनं भाजी निवडता निवडता सांगितलं. दूध संपलंय म्हणून सांगावं, तसं.

"आई, तिकडे लांब एक कारखाना आहे ना, आपत्तीत लागणाऱ्या वस्तू बनवतो तो — चारही परीक्षा पास झाल्या तर ते आसरा घेणारेत. आम्हाला तिकडेच बोलावलंय. क्वार्टर पण देतायत."

"आणि मी?"

"तू येशील ना सुट्टीत!"

सुट्टीत! मी काय शाळेत जाते? रिटायर झाल्यापासून मला रोजच सुट्टी आहे.

मनातलं इथं लिहिते. हे गेले आणि घरात घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली होती. मग लेक-जावई राहायला आले आणि पुन्हा आवाज सुरू झाला — भांडणाचा, मिक्सरचा, करवतीचा. रोज कटकट करते मी त्या करवतीबद्दल. पण ती बंद झालेली मला सोसणार नाही.

आसरा नापास झाला पाहिजे.

८ मार्च, रविवार

संधी आपल्या पायांनी चालत आली!

जावईबापूंनी जाहिरातीत ठोकून दिलंय — "ऐंशी वर्षांची व्यक्तीसुद्धा एकटीनं उभा करू शकेल." आता वर्गणीदार म्हणतात, दाखवा बघू ऐंशी वर्षांची व्यक्ती. दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

"मी अडुसष्टची आहे," मी म्हणाले.

"कॅमेऱ्यात कळत नाही, आई," जावईबापू म्हणाले. लेकीनं त्यांना चिमटा काढला, तो मला दिसला.

पण हो म्हणाले. नगरपालिकेच्या पाणीखात्यात तक्रारीच्या खिडकीमागे जन्म गेला माझा. साऱ्या गावाची रड ऐकली, स्वतः एक तक्रार केली नाही. आता माझी पाळी. असे दोष काढीन की वर्गणीदार पैसे परत मागतील!

१४ मार्च, शनिवार

पाऊस पडायचं नाव नाही, म्हणून परीक्षा गाड्या धुण्याच्या सेंटरमध्ये. तो बोगदा असतो ना — इकडून मळकी गाडी जाते, तिकडून चकचकीत बाहेर येते — त्यात गाडीच्या जागी बोचकं. बोचक्यात मी. माझ्यासमोर कॅमेरा.

सुरुवातीलाच जगाला सांगितलं, "मी अडुसष्टची आहे. ऐंशीची नाही."

मग पाणी! चारी बाजूंनी. मग दोन्हीकडून ते फिरते ब्रश आले आणि बोचक्याला कुरवाळायला लागले. सेंटरच्या मालकानं साध्या धुलाईऐवजी फोम आणि पॉलिशचं बटण दाबलं होतं. "सवय हो मावशी," म्हणाला नंतर. बोचकं असं काही चमकत बाहेर आलं की रांगेतल्या गाडीवाल्यानं विचारलं, कुठली कंपनी?

मी कोरडी ठणठणीत. वैताग! पण हार मानली नाही. कॅमेऱ्यापुढे बसून मनसोक्त दोष काढले. चेन बाहेरूनच उघडते, आतल्या माणसानं काय ओरडत बसायचं? पाय लांब केले की कापडाला लागतात. खाली शिवण आहे तिथून फेस येतो. आणि रंग कसला, खोकल्याच्या औषधाचा! मालक कौतुकानं ऐकत होता. शेवटी हळूच म्हणाला, "मावशी, आमच्या वेटिंगच्या खुर्च्यांबद्दल पण जरा सांगता का?" सांगितलं. त्याला वाईट वाटलं.

१६ मार्च, सोमवार

उलटंच झालं!

वर्गणीदार खूश. "एवढं खरं बोलणारं कुणी पाहिलं नव्हतं" म्हणे. वर्गणी वाढली. आणि जावईबापू दोन दिवस मशीनवरून उठले नाहीत. चेन दोन्हीकडून उघडते आता. शिवण वर घेतली. लांबी वाढवली. रंग बदलला — माझ्या जुन्या पडद्यासारखा, मला आवडणारा. मी बुडवायला गेले आणि त्यांनी बोचकं शहाणं करून ठेवलं.

लेक गळ्यात पडून म्हणाली, "आई, तू किती मनावर घेतलंयस गं आमचं!" 

२१ मार्च, शनिवार

उष्णता. बेकरीत, भट्टीला खेटून.

आज बारीकसारीक काही काढायचंच नाही, थेट मुळावर घाव घालायचा, असं ठरवून गेले होते. सापडलाही! भट्टीची धग आत येत नव्हती, ते खरं, पण माणसाच्या श्वासाची वाफ बाहेर जायला वाटच नाही. "हा आसरा आहे का कुकर?" मी कॅमेऱ्याला विचारलं. जावईबापूंचा चेहरा पडला. वाटलं, झालं काम.

पडलेला चेहरा तसाच ठेवून त्यांनी बेकरीवाल्याची सुरी मागितली आणि तिथल्या तिथं वर दोन झरोके कापले. आता आत झुळूक येते. बेकरीवाल्यानं पिठाचे ट्रे आत ठेवून पाहिले, तर पाव असा फुगला की त्यानं एक आसरा स्वतःसाठी सांगून ठेवला. निघताना मला म्हणाला, "मावशी, माझी खारी पण खाऊन सांगा ना, काय चुकतंय." लोणी कमी. सांगितलं.

२८ मार्च, शनिवार

थंडी. शीतगृहात. मटारच्या पोत्यांमधली जागा.

आज नाटक करायचं ठरवलं होतं. दात वाजवायचे, ओठ थरथरवायचे, "मला बाहेर काढा" म्हणायचं. आरशासमोर तालीमसुद्धा केली होती. आत शिरले, चेन लावली, दात वाजवायच्या आधी म्हटलं जरा टेकावं.

आणि झोपले! कॅमेरा चालू, बाहेर बर्फ, आणि मी आत डाराडूर. वॉचमननं हाक मारली तेव्हा म्हणे मी म्हणाले, "पाच मिनिटं." सगळ्यांनी बघितलं. यापेक्षा मोठा पुरावा काय असणार, असं जो तो लिहितोय. पास! कुणाला सांगू? स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

२९ मार्च, रविवार

मी घोरते हे मला अख्ख्या जगानं सांगितलं. ह्यांनी छत्तीस वर्षांत कधी सांगितलं नाही.

२ एप्रिल, गुरुवार

खोकी आली घरात. लेकीनं पुस्तकं भरायला घेतली. "आई, हे मोठं पातेलं नेऊ? तुला एकटीला कशाला लागतंय?"

ने म्हणाले. उगाच दोनदा घासून दिलं. 

वाऱ्याची परीक्षा तेवढी राहिलीय. वारा कुठून आणायचा? तर उघड्या ट्रकवर बोचकं बांधायचं आणि ट्रक हायवेवर पळवायचा. आत अर्थात मी. लेक नको नको म्हणत होती. मीच म्हटलं, बसते. आता माझं ठरलंय. उडून गेलं की गेलं! मी ट्रकच्या कोपऱ्यातल्या लोखंडी कडीला धरून बसेन, तिला कुठला वारा उडवतोय?

४ एप्रिल, शनिवार

 अक्षर वाकडं येतंय.

सकाळी ट्रक दाराशी उभा. बोचकं वर बांधलेलं. ट्रकवाल्याला चहा द्यायच्या निमित्तानं गेले. तो पुढे काच पुसत होता. मी मागे चढले आणि मागच्या कडीचा दोर सैल केला. सुटणार नाही असा, पण धक्का बसला की सुटेल असा. खाली उतरले. कपबशी धुतली. जावईबापूंना पोहे की ब्रेड विचारलं. माणूस किती निगरगट्ट होऊ शकतं!

निघताना मी वर चढायला लागले तर जावईबापूंनी अडवलं. "आई, आज तुम्ही नाही. आज मी बसतो."

"का? वर्गणीदारांना मी हवीय."

"वर्गणीदारांना सासू एकच आहे का माझी?" असं काहीतरी उलटसुलट बोलले बिचारे. घाबरले की त्यांची वाक्यं अशीच येतात. "तुम्हाला काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?" आणि चढलेसुद्धा. चेन लावली. ट्रक सुरू झाला.

 धरून बसायची कडी त्यांना माहीत नाही! मी दोन्ही हात पसरून ट्रकच्या पुढे उभी राहिले. ट्रकवाला ओरडला, "ओ मावशी, जीव नकोसा झाला का?" मी म्हटलं, थांब. मागून वर चढले — कशी चढले देव जाणे — आणि तो दोर आवळला. खिडकीमागे फायलींचे गठ्ठे बांधायचो ना आम्ही, ती दुहेरी गाठ मारली. वरून आणखी एक. लेक खालून कॅमेरा धरून म्हणत होती, "बघा, आई शेवटच्या क्षणापर्यंत तपासतेय!"

मग मीही आत शिरले. एकट्यांना कसं सोडू?

ट्रक भन्नाट सुटला. कापड फडफडतंय, आम्ही दोघं गुडघ्याला गुडघा लावून, माझ्या मांडीवर कॅमेरा. माझं सगळं लक्ष मागच्या कडीकडे. जावईबापू वाऱ्यावर ओरडून म्हणाले, "आई, मी तीन खोल्या मागितल्या होत्या!"

"काय?"

"क्वार्टर! तीन खोल्यांचं! ते म्हणाले दोघांना दोनच मिळतील!"

"तिसरी कशाला?"

"म्हणजे काय? तुम्हाला!" आणि लेकीला सांगू नका म्हणाले, नाही मिळाली म्हणून तिला वाईट वाटेल.

मला रडू आलं. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येतं म्हणून सांगितलं, तर त्यांनी लगेच पाहिलं, वारा कुठून आत येतोय. कुठूनच येत नव्हता.

परत आलो. बोचकं जागच्या जागी. चारही परीक्षा पास! कॅमेऱ्यापुढे विचारलं नेहमीप्रमाणे — काही तक्रार? सगळे वाट बघत होते. शोधून सापडेना. मग जे मनात होतं ते बोलले, "आहे. दुसरं माणूस उठून गेलं की एकटीला हा फार मोठा होतो."

लेकीनं कॅमेरा खाली केला. जावईबापूंनी कानावरची पेन्सिल काढून लिहून घेतलं — एकट्यासाठी लहान माप.

११ एप्रिल, शनिवार

करवत खोक्यात गेली.

१५ एप्रिल, बुधवार

कारखान्याच्या बाईंचा फोन. जावईबापूंना नाही, मला!

आसरा घेतायत. पण शिवायचा इथंच, गल्लीतल्या शेडमध्ये, तिकडे मशीनला जागा नाही म्हणे. लेक-जावयांनी कुठं हलायची गरज नाही. माझा जीव भांड्यात पडतोय तोच बाई म्हणाल्या, "तुमचे सगळे व्हिडिओ बघितले मी. आमच्याकडे सगळे नुसतं छान आहे, छान आहे म्हणतात हो. दोष काढायला माणूस नाही. तुम्ही या. पगार देऊ. एका खोलीचं क्वार्टर आहे."

विचार करून सांगते म्हणणार होते. हो म्हणून बसले!

लेक खोकी उघडता उघडता मटकन खाली बसली. "आई, आम्ही दोघंच कसे राहणार गं इथं?"

म्हटलं, सुट्टीत या.