जड गाडी

वॉलरू, ३ जून

प्रिय ऑल्विन,

पत्र बघून दचकू नकोस. आम्ही दोघंही बरे आहोत. तुझा गुडघा आता कसा आहे? इथे हिवाळा जूनच्याही आधीच लागला. लिंबाला या वर्षी इतकी फळं धरली की मी पिशवी घेऊन निघाले की शेजारी दार उघडत नाहीत. लिनेटची नोकरी कायम झाली. तिची हेटी नऊ वर्षांची झाली. हल्ली ती मला नावाने हाक मारते, आणि तिची आई रागावली की तेवढ्यापुरतं आजी म्हणते.

फोन केला नाही, कारण ट्रेव्हर दिवसभर घरात असतो आणि तुझं नाव इथे घेतलं जात नाही. ते तुला माहीत आहे.

भाऊ म्हणून तुझा एक सल्ला हवा होता.

अपघाताच्या विम्याच्या पैशांतून आम्ही दुसरी कॅरॅव्हॅन घेतली. चाकांवरचं ते घर अंगणात उभं आहे. आता ते ओढायला गाडी हवी. जुलैच्या सुट्टीत हेटीला पश्चिमेला, बाइटच्या समुद्रकड्यांवरून देवमासे दाखवायला न्यायचं ठरलं आहे. ठरलं आहे म्हणजे ट्रेव्हरने तिला तसं सांगून टाकलं आहे. लिनेट म्हणाली, ''बाबांना पुन्हा रस्त्यावर जायची इच्छा झाली, हेच खूप झालं.''

ट्रेव्हरने तक्ता केला आहे. चौतीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाचा तक्ता कसा असेल, हे तुला सांगायला नको. कॅरॅव्हॅन त्याने गव्हाचे ट्रक तोलतात त्या काट्यावर नेऊन तोलली, शेजारच्या नॉरिसची गाडी आणि नॉरिसलाच चालक म्हणून घेऊन. नंतर ताटं, पांघरुणं, खुर्च्या न्हाणीघरातल्या काट्यावर. नंतर मला. सगळं भरून ती दोन हजार चारशे किलो होते. गाडीमागच्या ज्या बॉलवर कॅरॅव्हॅनचा हूक बसतो, त्यावर त्यातले दोनशे चाळीस यायला हवेत. ते गाडीला पेलणाऱ्या वजनातून वजा करायचे, टाकीतलं डिझेल वजा करायचं, आम्हाला तिघांना वजा करायचं, आणि मग जे उरतं ते खरं. विक्रेते पत्रकावर लिहितात ते खरं नव्हे. हे सगळं मला आता पाठ झालं आहे.

तीन गाड्या उरल्या आहेत. पहिली सात आसनांची डिझेल, कागदावर साडेतीन टन ओढते. दुसरी तिच्याहून आखूड, तीन टनांची, पण वळणाला चांगली. तिसरी सहा वर्षं वापरलेली, आणि तिघींत सर्वांत जड. ट्रेव्हरचा जीव तिसरीवर आहे. तो म्हणतो, ''मागच्या वेळी गाडी हलकी पडली, कोरीन. वारा लागला आणि मागचीने पुढचीला खेचून नेलं. आता पुढचीच अशी जड घेऊ की वाऱ्याची टाप नाही.''

तू चाळीस वर्षं तीन-तीन डब्यांचे ट्रक ओढलेस. तुझं मत काय? तिघींतली कोणती? की एकही नको? एकही नको असं वाटत असेल तर तसं स्पष्ट लिही. कारणं तुला सुचतील. ते पत्र मी टेबलावर उघडं ठेवीन. तुझ्यावर तो चिडेल, पण तुझा शब्द तो वाचेल.

थंडीत गुडघ्याला ऊब देत जा.

तुझी
कोरीन


वॉलरू, १२ जून

प्रिय ऑल्विन,

तुझं उत्तर मिळालं. ''दुसरी घ्या. माल मागच्या टोकाला भरू नका. जड गाडी घेतली म्हणून चालवणारा शहाणा होत नाही.'' धन्यवाद. मला हवं होतं ते त्यात नव्हतं, पण मी ते मागितलंच कुठे होतं?

गेल्या मंगळवारी आम्ही तिसरी गाडी बघायला गेलो. कोस्टा नावाचा विक्रेता आहे, पन्नाशीचा, गोड बोलणारा. आमची कॅरॅव्हॅन नॉरिसने त्याच्या आवारात आणून सोडली होती. कोस्टा म्हणाला, ''मास्तर, ही गाडी तुमचं राहतं घर पायासकट ओढून नेईल.''

ट्रेव्हर म्हणाला, ''घर राहू दे. हिच्या लोणच्याच्या बरण्या ओढल्या तरी मिळवलं.''

नॉरिस हसला. मीही हसले. मग ट्रेव्हरने गाडी मागे घेतली. एका झटक्यात, बॉल बरोबर हुकाखाली. कोस्टाने भुवया उंचावल्या. ट्रेव्हर उतरला आणि जोडायला लागला, आणि आम्ही तिघं गप्प झालो.

जोडणाऱ्या माणसाशी बोलायचं नाही. तूच मला हे शिकवलंस, मी सोळा वर्षांची होते तेव्हा, चापट मारून. तो हूक बसवत असतो, पिन घालत असतो, साखळ्या अडकवत असतो. मध्येच कुणी ''चहा घेणार का'' विचारलं की एक पिन राहते आणि दोनशे मैलांवर कुणीतरी मरतं. प्रत्येक तळावर हा नियम पाळतात. अनोळखी लोकसुद्धा वाट बघत उभे राहतात.

ट्रेव्हरने हूक बसवला. डावी साखळी अडकवली. उजवी हातात घेतली आणि तो थांबला.

वाकलेला, साखळी हातात, डोळे उघडे. ओठांची थोडीशी हालचाल, जशी काही चघळताना होते. कोस्टा आदराने बघत होता. नॉरिस आभाळाकडे बघत होता. त्यांना वाटलं, मास्तर विचार करतायत. मी मोजत होते. सात झाले. मग त्याने साखळी खाली सोडली, ताठ झाला, हात पुसले आणि म्हणाला, ''झालं. कोरीन, बघून घे.''

शेवटची फेरी नेहमी मीच मारते. उजवी साखळी जमिनीवर होती. मी ती अडकवली, दिवे बघितले आणि ''ठीक'' म्हणाले.

कोस्टा म्हणाला, ''काय जोडी आहे तुमची! एक शब्द बोलावा लागत नाही.''

ऑल्विन, आता लिहिते. हे वाचताना मध्ये थांबू नकोस.

सप्टेंबरात, किंबा गावाच्या पुढे, अपघात झाला तेव्हा वारा नव्हता.

रस्ता सरळ होता. समोरून ट्रक आला नव्हता. ताशी शंभरावर होतो. मी संत्रं सोलत होते. ट्रेव्हर हेटीच्या कुठल्याशा गणिताबद्दल बोलत होता आणि वाक्य अर्ध्यावर थांबलं. मी फोड त्याच्यापुढे धरली. त्याने घेतली नाही. डोळे उघडे होते. गाडी हळूहळू कडेच्या खडीकडे सरकत होती. मी हाक मारली. पाच मोजून होतील एवढा वेळ गेला असेल. मग मी स्टिअरिंग धरून त्याच्या बाजूला झटक्यात वळवलं.

कॅरॅव्हॅन झुलायला लागली ती त्यामुळे. माझ्या हाताने.

त्याच क्षणी तो जागा झाला. त्याला काहीच कळलं नव्हतं. त्याला एवढंच दिसलं की मागे सगळं हलतंय. आणि मी ओरडले, ''ब्रेक! ब्रेक मार!'' तूच सांगितलं होतंस, मागे झुलायला लागलं की पाय विसर. हाताने, बटण दाबून, फक्त कॅरॅव्हॅनचे ब्रेक लाव, ती ताणून सरळ होते. मला ते माहीत होतं. त्यालाही होतं. पण मी ओरडले आणि त्याने माझं ऐकलं. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, त्याने इतक्या लगेच माझं कधी ऐकलं नव्हतं.

दोन्ही उलटल्या; बाकीचं तू येऊन पाहिलंस. रस्त्यावरचे काळे पट्टे पाहिलेस आणि हॉस्पिटलच्या बाहेर, त्याच्या हाताला प्लॅस्टर असताना, त्याला म्हणालास, ''पायाने ब्रेक मारलास ना? पोरांना शिकवता शिकवता स्वतः कोराच राहिलास.'' त्याने मान खाली घातली. मी तिथेच उभी होते. तुझी माझी नजर भेटली आणि मी खिडकीकडे वळले.

डॉक्टरांनी विचारलं होतं, ''चक्कर, भोवळ, असं काही?'' त्याच्या आधी मीच म्हणाले, ''नाही, वारा होता.'' तेव्हापासून वारा आहे. पोलिसांच्या कागदात आहे, विम्याच्या कागदात आहे. तक्त्यात त्याचा वेगळा रकाना आहे.

खरं सांगितलं तर त्याचा परवाना जाईल, म्हणून गप्प राहिले, असं मी स्वतःला सांगते. ते अर्धं खरं आहे. स्टिअरिंग मी वळवलं, हे दुसरं अर्धं.

त्यानंतर घरात दोनदा झालं. एकदा किटलीतून पाणी ओतत होता, कप भरून वाहिला. आता छोट्या गाडीतून दुकानापर्यंत जायचं असलं तरी मी सारखी बोलत राहते. काहीही विचारते. सोळा साते किती, नॉरिसच्या कुत्र्याचं नाव काय. त्याने उत्तर दिलं की श्वास घेते. तो म्हणतो, ''म्हातारपणी तुला वाचा फुटली.''

त्याने तिसरी गाडी ठरवली आहे. पुढच्या शुक्रवारी ती येते. चार जुलैला हेटी मागच्या सीटवर बसेल. काल तिने फोन करून विचारलं की मागून देवमासे आधी दिसतात की पुढून.

मला भीती वाटते, ऑल्विन. सकाळी उठते तेव्हाही ती असते.

कोरीन


वॉलरू, १९ जून

प्रिय ऑल्विन,

तुझी चिठ्ठी बुधवारी आली. ''त्याला सांग. नाहीतर मी येऊन सांगतो.'' त्याची माफी मागायची की नाही, ते तुझं तू ठरव. मी मात्र तुझी मागते. नऊ महिने तू चुकीच्या माणसाला दोष देत होतास आणि ते मी तुला करू दिलं.

काल सांगितलं.

दुपारी, जेवणं झाल्यावर. तो तक्ता पक्का करत बसला होता, टायरमधली हवा वगैरे. मी समोर बसले आणि म्हणाले, ''ट्रेव्हर, ती गाडी घेऊ नकोस.''

''का? रंग आवडला नाही?''

''ती जड असून उपयोग नाही.''

''जड असून उपयोग नाही? अगं, बाराशे पानं वाचलीत मी. तुझ्या भावाने काही लिहिलंय का?''

मग मी सगळं सांगितलं. संत्र्यापासून. आवाज नीट ठेवायचा ठरवलं होतं, तो राहिला नाही. त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही. ओरडेल असं वाटलं होतं. त्याने पेन्सिल टेबलावर ठेवली, ती घरंगळली, ती त्याने पुन्हा नीट ठेवली.

''म्हणजे वारा नव्हता.''

''नव्हता.''

''मला आठवतो वारा.''

''मी सांगितला म्हणून आठवतो.''

तक्त्यातल्या वाऱ्याच्या रकान्यावर त्याने बोट ठेवलं. मग विचारलं, ''आणि त्या दिवशी, त्या विक्रेत्याकडे? तू साखळीपाशी वाकली होतीस.''

''हो.''

''सगळे बघत होते?''

''सगळ्यांना वाटलं, तू विचार करतोयस.''

तो हसला. वाईट हसला. म्हणाला, ''चौतीस वर्षं वर्गात हीच युक्ती वापरली.'' मग ते हसू गेलं. ''किती वेळ नव्हतो मी? किंबाला.''

''पाच मोजेपर्यंत.''

त्याने पेन्सिल उचलली नाही. तोंडानेच केलं. ''ताशी शंभर. पाच सेकंदांत एकशे एकोणचाळीस मीटर.''

आणि तो उठून बाहेर गेला. कोट न घेता. मी फाटकापर्यंत गेले. त्याने फाटकाच्या खांबाला टाच लावली आणि मोठी, सारखी पावलं टाकत रस्त्याने निघाला. ओठ हलत होते, मोजत होता. नॉरिसचं घर गेलं. पत्रपेटी गेली. बंद पडलेलं बेकरीचं दुकान गेलं. नॉरिसने कुंपणावरून विचारलं, ''मास्तर, सर्वेक्षण काय?'' तो मोजतच राहिला. समुद्राकडे वळण आहे तिथे, पाइनच्या झाडाच्याही पुढे, तो थांबला.

किती लांब होता तो. मला कल्पना नव्हती. मी एवढे महिने ते सेकंदांत धरलं होतं.

तिथून त्याने वळून बघितलं, घराकडे, सगळ्या रस्त्याकडे. शाळा सुटली होती. मधल्या त्या अंतरात चार पोरी फुटपाथवरून चालत होत्या, एक सायकल होती, एक बाई गाडीतून बाळाला काढत होती. तो त्यांच्याकडे बघत होता. मग त्याची हालचाल थांबली.

एवढ्या लांबून डोळे दिसत नाहीत. तो विचार करतोय की गेलाय, मला कळेना. मी मोजायला लागले. तीनपर्यंत आले आणि मोजणं सोडून दिलं. भर रस्त्यात, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारली. ट्रेव्हर! नॉरिस दचकला. पोरी थांबल्या.

त्याने हात वर केला.

परत आला तेव्हा थंडीने ओठ निळे पडले होते. म्हणाला, ''मी इथेच होतो.'' मी म्हणाले, ''कळलं नाही मला.'' तो म्हणाला, ''मलाही कळणार नाही, कोरीन. हेच तर आहे ना.'' मग कोस्टाला फोन करून त्याने गाडी नको म्हणून सांगितलं. कोस्टा विचारत होता, कुठली दुसरी बघितलीत का. ट्रेव्हर म्हणाला, ''नाही. चालक बदलायचा आहे.'' हेटीला अजून सांगितलेलं नाही. ते तो स्वतः सांगणार आहे, रविवारी.

डॉक्टरांची वेळ सोमवारी दहाची मिळाली. त्याने छोट्या गाडीची किल्ली माझ्या पुढ्यात ठेवली आहे. किंबानंतर मी स्टिअरिंगला हात लावलेला नाही. सोमवारी लावीन. शेजारी बसून तो बोलत राहील असं म्हणाला आहे. तो गप्प झाला तर मी काय करायचं, ते दोघांनी मिळून कागदावर लिहून ठेवलं आहे.



तुझी बहीण
कोरीन